‘डोया’ लिहिणारा आणि ‘बरकी’ लिहिणारी

धुळ्याकडच्या एका शाळेतल्या, तिसरीच्या दोन वह्या माझ्यासमोर आहेत. एकीत मुलानं लिहिलंय, ‘मना डोया दुखस’. पुढे ‘शाया’, ‘फया’, ‘काया’. दुसरीत मुलीनं एकाच पानावर ‘बकरी’, ‘बरकी’, ‘बकी’ असं तीन तऱ्हांनी लिहिलंय. दोन्ही वह्यांवर शेरा एकच: अभ्यासात कच्चं. हा शेरा वाचून मला फार वाईट वाटतं.

पहिल्या मुलात काहीच कमी नाही. अहिराणीत मराठीतल्या ‘ळ’चा बहुतेक वेळा ‘य’ होतो. तो जसा बोलतो तसा लिहितो, आणि दर वेळी एकाच नियमानं लिहितो. म्हणजे कोणत्या आवाजाला कोणतं अक्षर, हे त्याला पक्कं उमगलंय. त्याला ‘डोया’ला धरून ‘डोळा’पर्यंत नेणारे गुरुजी हवेत, अक्षमतेचं प्रमाणपत्र नको.

मुलीच्या चुकीला असा नियम सापडत नाही. पण खरी परीक्षा तोंडी, आणि तीही घरच्या बोलीत. मी दोघांना विचारलं, ‘बकरी’ म्हाईन ‘ब’ काढा तं काय ऱ्हास? (म्हणजे, ‘बकरी’तून ‘ब’ काढला तर काय उरतं?) मुलगा लगेच हसून म्हणाला, ‘करी!’ मुलगी अहिराणीत गोष्ट झकास सांगते, पण इथे अडली. पुन्हा विचारलं तरी अडली. स्वतःच्या बोलीतही शब्दातले आवाज सुटे होत नसतील, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जाण्याची, शंका घ्यायलाच हवी. आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत, हे वेगळं सांगायला नको.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ही अक्षमता आहे. निदान झालं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळू शकतो. पण ‘घरी अहिराणी बोलतात ना, येईल हळूहळू’ म्हणत आपण अशा मुलीची वर्षं घालवतो. बोलीवाल्या मुलाला मतिमंद ठरवणं जितकं वाईट, तितकंच हेही. आणि दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात.

धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची बोलणाऱ्या मुलांचं आणखी कठीण, कारण तिथे बऱ्याचदा शिक्षकालाच ती बोली येत नाही. तिथे हे प्रश्न विचारायला गावातलीच एखादी ताई सोबत घ्या. तपासणीला पाठवताना चिठ्ठीत मूल घरी काय बोलतं आणि तुम्ही कोणत्या बोलीत विचारलं, हे लिहा. वहीची दोन पानंही जोडा.