अप्रामाणिकपणा

अप्रामाणिकपणा : दुसऱ्याने टाकलेला विश्वास स्वतःच्या लाभासाठी जाणूनबुजून मोडणे. समानार्थी शब्द बेइमानी, लबाडी.

व्युत्पत्ती : संस्कृतात ‘प्रामाणिक’ म्हणजे प्रमाणाने सिद्ध, ग्राह्य. हिंदीत आजही ग्रंथ किंवा माहिती प्रामाणिक असते. मराठीत मात्र माणूस प्रामाणिक असतो. ज्याचे बोलणेच प्रमाण मानावे तो प्रामाणिक, अशा वाटेने हा अर्थ आला असावा. ‘बेइमानी’त अरबी ‘ईमान’ (श्रद्धा) आणि फार्सी ‘बे’ हा अभावदर्शक उपसर्ग आहे. चौल, दाभोळ या बंदरांचा अरबस्तान-इराणशी जुना व्यापार पाहता हा शब्द किनाऱ्यावरून थेट आला असावा, अशी कल्पना करता येते. पण फार्सी उपसर्गासह तयार झालेले हे रूप आणि बेबंद, बेकायदा, बेहिशेबी यांसारखे त्याचे सोबती पाहता, ते दख्खनच्या दरबारी कागदपत्रांतून घाट उतरले असणे अधिक संभवनीय वाटते. मराठीत त्याचा धर्मश्रद्धेशी संबंध सुटला आणि धन्याशी, खाल्ल्या मिठाशी जुळला. ‘इमानेइतबारे’ हा जोडशब्द त्याच वळणाचा. ‘अनामत’ हा शब्द ‘अमानत’चा वर्णविपर्यास असून त्याचे धातुमूळ ‘ईमान’चेच आहे. ठेव आणि निष्ठा एकाच मुळातून निघाव्यात, हे या संकल्पनेचे मर्म होय.

कोकणातील वापर : बोलीत नामापेक्षा क्रियापद चालते. सिंधुदुर्गात कोणी ‘अप्रामाणिकपणा केला’ म्हणत नाही. ‘त्यान माका फसवल्यान’ म्हणतात. धान्याच्या व्यवहारात कसोटी मापाची : एकच पायली घेताना शिगोशीग भरायची आणि देताना हाताने सपाट करायची, तर मापही खरे आणि फसवणूकही खरी. आंब्याच्या पेटीत वरच्या थराला मोठी, डाग नसलेली फळे आणि पेंढ्याखाली बारकी ठेवली, की विकणाऱ्याला एकही खोटा शब्द बोलावा लागत नाही. परप्रांतीय आंबा ‘देवगड’ म्हणून विकणे ही याचीच मोठी आवृत्ती. हापूसला 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून हे नाव लावण्याला कायद्याची मर्यादा आहे, आणि ती बागायतदाराच्या हक्काची आहे.

आरोप सिद्ध होत नसेल तर ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून कौल लावण्याची रीत आहे. मराठेशाहीतील न्यायदानात याच हेतूने उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे ‘रवादिव्य’ करीत.

कायदा : भारतीय दंड संहितेच्या (1860) कलम 24 नुसार एखाद्यास गैरलाभ किंवा दुसऱ्यास गैरहानी पोहोचविण्याच्या उद्देशाने केलेली कृती ती अप्रामाणिकपणे केलेली. तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत (2023) ही व्याख्या कलम 2 मध्ये आहे. पोलीस फिर्यादीत मात्र अजून ‘लबाडीच्या इराद्याने’ असेच लिहितात.