दहावा माणूस: बेने इस्राएल समाजातील दिवंगतांच्या स्मरणाची पार्श्वभूमी

ठाणे, मुंबई, पुणे किंवा रायगड जिल्ह्यातील एखाद्या बेने इस्राएल, म्हणजे मराठीभाषक ज्यू, कुटुंबात कोणी निवर्तले, तर दफन शक्य तितक्या लवकर उरकले जाते आणि त्याच संध्याकाळी दुसरा प्रश्न समोर येतो: पुढचे सात दिवस घरी कद्दीश ही मृतासाठीची प्रार्थना म्हणायला दहा जण जमतील का? गेल्या काही वर्षांत निवर्तलेल्यांपैकी अनेकांची मुले अश्दोद, लोद, दिमोना, बेर्शेबा अशा इस्रायली शहरांत राहतात. इथे मागे राहिलेले आप्त वयाने थकलेले असतात, आणि शेजारीपाजारी मनापासून मदत करणारे असले तरी धर्मनियमानुसार त्यांची गणना या दहांत होत नाही. मृतांचे स्मरण म्हणजे या समाजात एकट्याने दिवा लावून बसणे नव्हे. ते जमावाने करायचे असते, आणि जमाव म्हणजे कोण, हा प्रश्न या समाजाने दोनशे वर्षांत निरनिराळ्या रूपांत सोसलेला आहे.

आरंभकाळाबद्दल थोडेच सांगावे लागेल, कारण नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची आणि वाचलेल्या सात जोडप्यांची परंपरागत कथा महाराष्ट्रात परिचित आहे. इथे एवढेच लक्षात घ्यायचे की या समाजाची पहिली सामूहिक आठवण ही मृतांचीच आहे. बुडालेल्यांना नौगावला पुरले गेले, असे परंपरा सांगते, आणि आजही अलिबागजवळच्या त्या जागी लोक आवर्जून जातात. पुढची अनेक शतके हिब्रू प्रार्थनापुस्तके हाताशी नव्हती. स्मरणात उरलेली 'शेमा इस्राएल' ही एकच प्रार्थना जन्म, विवाह आणि मृत्यू अशा सर्व प्रसंगी म्हटली जाई. कद्दीश आणि हश्काबा या मृतांसाठीच्या प्रार्थनांची घडी बसली ती बरीच नंतर, कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे आणि १७९६ साली मुंबईच्या मांडवीत पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनागृह, उभे राहिल्यानंतर. त्या सिनेगॉगला समाजात जुनी मशीद म्हणत.

त्याआधीच्या काळात कोकणातील कुटुंबांनी मृतांशी नाते ठेवले होते ते सणांच्या आधाराने. योम किप्पुर, म्हणजे दारफळणीचा सण, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण यांच्याविषयीच्या एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत असे येते की या दिवसांत पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि शिळ्या सणाला परततात, अशी समजूत होती. त्या दिवशी गरिबांना दानधर्म होई. सुधारकांनी पुढे या समजुतीला शेजारच्या समाजांकडून आलेले मिश्रण ठरवून बाजूला सारले. मला मात्र तो निर्णय फार कठोर वाटतो. पुस्तके नसलेल्या माणसांनी आपल्या मृतांना वर्षातून एक दिवस राखून ठेवला होता, आणि तो दिवसही पश्चात्तापाच्या सणाला लागून निवडला होता, यात कमीपणा कसला?

कद्दीशचा स्वतःचा इतिहास दूरदेशीचा आहे. ही अरामी प्रार्थना मुळात अध्ययनाच्या अखेरीस म्हटली जाई. तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही, ईश्वराच्या नावाचा गौरव आहे. १०९६ साली पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यू वस्त्यांची कत्तल झाली, आणि त्यानंतरच्या दोन शतकांत त्याच भागात मुलाने आईवडिलांसाठी कद्दीश म्हणण्याची रीत पक्की झाली. तिथून ती सर्वत्र पसरली. पापी माणसाचा न्याय बारा महिने चालतो असे जुने वचन आहे. आपल्या आईवडिलांना कोणी त्या पंक्तीत बसवू नये म्हणून मुलाने अकरा महिन्यांतच थांबावे, असा पायंडा पडला. ती केवळ मुदत नव्हे, तिच्यामागे मुलाची भीड आहे.

वार्षिक स्मरणाचा दिवस हिब्रू तिथीने पाळायचा असतो. मराठी वाचकाला हे समजायला कठीण नाही, कारण श्राद्धतिथीप्रमाणेच हा दिवस इंग्रजी तारखेच्या मागेपुढे सरकतो आणि हिब्रू पंचांगातही एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात. अधिक मासाच्या वर्षी अदार महिना दोनदा येतो. साध्या वर्षी अदारमध्ये निवर्तलेल्या माणसाचा दिवस अशा वर्षी दुसऱ्या अदारमध्ये पाळावा, असे सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडील ज्यूंची, परंपरा सांगते, आणि बेने इस्राएल तिलाच अनुसरतात. पूर्व युरोपीय परंपरा पहिला अदार धरते. तिथी मोजताना आणखी एक बारकावा असतो: दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे रात्री आठला रुग्णालयात झालेला मृत्यू पुढच्या तिथीचा ठरतो, आणि मृत्युदाखल्यावरील तारखेवरून हिशेब करणारे नातेवाईक हमखास एका दिवसाने चुकतात. म्हणून जाणते हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, तारखेसोबत वेळही विचारून घेतात.

तरीही या सगळ्या बाबी सोडवता येण्याजोग्या आहेत. जी गोष्ट पिढ्यानपिढ्या सुटत नाही ती दहा जणांची, म्हणजे मिन्यानची. तेरा वर्षे पूर्ण केलेले दहा पुरुष असल्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही. सामूहिक प्रार्थनेसाठी दहा जणांची अट मिश्ना या प्राचीन धर्मनियमसंग्रहाच्या काळाइतकी जुनी आहे. तिचा आधार तोराह या ज्यू धर्मग्रंथातील दहा हेरांच्या कथेत शोधला जातो: कनान देश पाहून येऊन लोकांचे धैर्य खचवणाऱ्या त्या दहा जणांना तिथे 'मंडळी' म्हटले आहे, म्हणून मंडळी म्हणजे किमान दहा. ज्यांनी चूक केली त्यांच्यावरून ही संख्या ठरली, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. मंडळीत मोजले जाण्यासाठी पुण्यवान असण्याची अट नाही. हजर असणे पुरते.

प्रत्यक्षात मात्र हजर असूनही मोजले न जाण्याचा अनुभव बेने इस्राएलांना मुंबईतच आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू व्यापारी आरंभी बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करीत आणि त्यांच्याच दफनभूमीत आपले मृत पुरीत. १८३६ साली त्यांच्यापैकी काही प्रमुखांनी सरकारकडे अर्ज केला की सामाईक दफनभूमीत दोन्ही समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालावी. पुढे त्यांची दफनभूमी चिंचपोकळीला स्वतंत्र झाली. भिंत मृतांमध्ये मागितली गेली होती, पण तिचा उद्देश जिवंतांपुरता होता. बेने इस्राएलांच्या वंशशुद्धीबद्दल संशय धरून बगदादी सिनेगॉगांत त्यांना मिन्यानमध्ये मोजणे किंवा तोराहवाचनासाठी पुढे बोलावणे टाळले जाऊ लागले. रंगूनमध्ये हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि १९३५ साली तेथील उच्च न्यायालयाने बेने इस्राएलांच्या बाजूने निकाल दिला. इस्रायलमध्येही १९६२ साली धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी आई-आजीच्या वंशाची चौकशी आवश्यक ठरवली तेव्हा तोच संशय पुन्हा डोके वर काढताना दिसला. मोठ्या आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये, हा समाज सर्व बाबतींत ज्यूच आहे ही सरकारची भूमिका तेथील संसदेने उचलून धरली.

दरम्यान मुंबईत चित्र उलटे झाले होते. स्वातंत्र्यानंतर बगदादी कुटुंबे बहुतांशी लंडन आणि ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. त्यांनी बांधलेल्या भव्य सिनेगॉगांत प्रार्थना चालू राहिली ती मुख्यतः मानधन घेऊन मिन्यानसाठी बसणाऱ्या बेने इस्राएल पुरुषांमुळे. भायखळ्याच्या आणि फोर्टच्या सिनेगॉगांत ज्या बगदादी कुटुंबांच्या नावांचे स्मृतिफलक भिंतींवर आहेत, त्यांच्यासाठीचे कद्दीश अनेक वर्षे त्याच समाजातील माणसांच्या उपस्थितीने शक्य झाले, ज्यांना एकेकाळी मोजले जात नव्हते. या माणसांबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही. पहाटे ठाण्याहून लोकल पकडून यायचे, पोशाख नीट करून बसायचे, आमेन म्हणायचे आणि मग कामावर जायचे, असा त्यांचा क्रम असे. मानधन घेतले म्हणून त्यांच्या आमेनचे मोल कमी होत नाही, असे मला ठामपणे वाटते.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांहून अधिक ज्यू होते आणि त्यांत बहुसंख्य बेने इस्राएल होते. या शतकाच्या आरंभी हा आकडा पाच हजारांच्याही खाली आला. पेण, रेवदंडा, म्हसळे यांसारख्या गावांत सिनेगॉगची वास्तू आहे, पण रोजचे दहा जण नाहीत. अलिबागच्या इस्राएल आळीतील सिनेगॉग १८४८ सालचे आहे आणि तिथेही मोठ्या सणाला मुंबईहून माणसे यावी लागतात. गावातल्या वृद्धाचे दफन असले की फोनाफोनी करून गाड्या निघतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून संख्या घसरू लागते.

याच ठिकाणी मुलींचा प्रश्न उभा राहतो, आणि मला वाटते पार्श्वभूमी सांगताना तो बाजूला ठेवता येत नाही. अनेक घरांत वृद्ध आईवडिलांजवळ शेवटपर्यंत राहिलेली असते ती मुलगी. परंपरेने तिच्यावर कद्दीशचे बंधन नाही आणि मिन्यानमध्ये तिची गणना नाही. १९१६ साली अमेरिकेतील एका ज्येष्ठ कार्यकर्तीने, आपल्या आईसाठी कद्दीश म्हणण्याची एका मित्राने दाखवलेली तयारी आभारपूर्वक नाकारली होती. आईवडिलांना आठ मुली होत्या, मुलगा नव्हता, आणि वडिलांच्या वेळीही घरच्यांनी असा प्रस्ताव स्वीकारला नव्हता, असे तिने लिहिले. १९७३ साली उत्तर अमेरिकेतील मध्यममार्गी पंथाच्या धर्मसमितीने स्त्रियांना मिन्यानमध्ये मोजण्यास मुभा दिली. मुंबईतही १९२५ पासून एक उदारमतवादी प्रार्थनासंघ आहे, आणि त्याच्या स्थापनेत पुढाकार इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या एका बेने इस्राएल स्त्री-डॉक्टरचा होता. तरी महाराष्ट्रातील बहुतेक सिनेगॉगांनी जुना नियम सोडलेला नाही. हजर पुरुष आठ, आणि बायकांच्या सज्जात मृताच्या दोन मुली, अशा वेळी प्रार्थना कद्दीशविना संपते. नियम पाळणाऱ्यांचा हेतू स्वच्छ आहे, हे मान्य करूनही या दृश्यात काहीतरी सुधारायला हवे, असे मी म्हणेन.

मार्च २०२० मध्ये मिन्यान कशाला म्हणायचे हा वाद एका आठवड्यात जगभर पोहोचला. साथीमुळे सिनेगॉगे बंद झाली, दफनाला मोजकीच माणसे, आणि सात दिवसांच्या बैठकीला कोणीच नाही. प्रश्न असा होता की पडद्यावर दिसणारे दहा चेहरे हे मिन्यान होते का? १५६५ साली छापलेल्या 'शुल्हान आरुख' या धर्मसंहितेचा कल स्पष्ट आहे: दहाही जण एका जागी हवेत. पण तिथेच दोन सवलती आहेत. सिनेगॉगच्या मागे उभा असलेला माणूस खिडकीतून आपला चेहरा दाखवीत असेल तर तो दहांत धरला जातो, मग ती खिडकी कितीही उंच असो. आणि एकदा दहा जण एकत्र जमले की भिंतीपलीकडून ऐकणाऱ्यालाही आमेन म्हणता येते. २००१ साली त्याच अमेरिकी समितीने दुसऱ्या सवलतीच्या आधारे ठरवले होते की दहा जण एका खोलीत असतील तर दूरचा माणूस इंटरनेटवरून सामील होऊन कद्दीश म्हणू शकेल, मात्र मिन्यान स्वतः इंटरनेटवर बनणार नाही. २०२० मध्ये तिच्या प्रमुखांनी आणीबाणीपुरती ही मर्यादा शिथिल करून, पडद्यावरील दहांनाही मिन्यान मानण्याचा अधिकार स्थानिक धर्मगुरूंना दिला. सनातनी पंथाने ते मान्य केले नाही. इस्रायलमध्ये लोकांनी पहिल्या सवलतीचा आधार घेतला आणि समोरासमोरच्या गॅलऱ्यांत उभे राहून एकमेकांना पाहत प्रार्थना केली.

खिडकीच्या नियमाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण त्यात पाहणे आणि पाहिले जाणे याला महत्त्व आहे. पडदा ही खिडकी आहे असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद त्यामुळे पोकळ नाही. पण विरोधकांची भीतीही खरी आहे: घरबसल्या दहा जण मिळू लागले तर पेणच्या दफनानंतर गाडी काढून जाणार कोण? मोठ्या शहरात राहणाऱ्या समाजासाठी ही सवलत सोयीची असेल. ज्यांच्या सिनेगॉगचे दार केवळ मिन्यानच्या गरजेमुळे उघडते, त्यांच्यासाठी ती ते दार बंद करणारीही ठरू शकते. म्हणून आपल्याकडे आणीबाणीची सवलत कायम करू नये, या बाजूला माझा कल आहे. मुलींच्या बाबतीत मात्र तो नेमका उलट आहे, कारण त्या पडद्यावर नाहीत, त्या खोलीतच आहेत.

सध्या बहुतेक कुटुंबांनी स्वीकारलेला मार्ग कोणत्याही पंथाला फारसा न दुखावणारा आहे. मुलगा अश्दोद किंवा लोदच्या सिनेगॉगमध्ये, जिथे दहा जण सहज जमतात, तिथे कद्दीश म्हणतो. ठाण्याच्या घरी आई आणि बहिणी फोनवर ते ऐकतात आणि आमेन म्हणतात. इथे मिन्यान जमेल त्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, हजान हश्काबा म्हणताना मृताचे नाव घेतो, आणि पहिल्या वर्षदिनी जमलेच तर मलिद्याचे ताट मांडले जाते: भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे. कबरीवरचा दगड हिब्रू आणि मराठीत कोरून घेण्याचे काम याच वर्षात व्हायचे असते. त्यासाठी दोन्ही लिप्या नीट वाचता येणारा माणूस शोधणे, हे आता अनेक घरांपुढचे पहिले काम झाले आहे.