लिप लिफ्ट म्हणजे कायमचं फिलर नव्हे

लिप लिफ्ट म्हणजे वरचा ओठ उचलण्याची शस्त्रक्रिया. ‘लिप लिफ्ट म्हणजे कायमचं फिलर’ हा समज बरीच वर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. फिलरमध्ये ओठात जेल भरतात. ते सहसा काही महिन्यांत विरतं, आणि हायलुरॉनिक ॲसिडचं असेल तर इंजेक्शनने विरघळवताही येतं. लिप लिफ्टमध्ये ओठात काहीच भरत नाहीत. नाकाच्या अगदी खालून, नाकपुड्यांच्या वळणाबरहुकूम, काही मिलिमीटर कातडीची पट्टी कापून कडा शिवतात. नाक-ओठांतलं अंतर घटतं, वरच्या ओठाचा गुलाबी भाग आणि समोरचे दात जास्त दिसतात. दात आधीच भरपूर दिसत असतील तर मग ही शस्त्रक्रिया कशाला?

‘व्रण राहत नाही’ हेही खोटंच. व्रण राहतोच, नाकाच्या घडीत लपतो इतकंच, तेही टाके नीट पडले तर. तो फिका व्हायला वर्षभरही लागतं. आणि कापलेली कातडी परत लावता येत नाही.