बॉम्ब नेमका पडला, पण लहर कुठे थांबली?

युद्धाची बातमी आली की हल्ली एक शब्द हमखास ऐकू येतो, पिनपॉइंट. गाझा असो की युक्रेन, टीव्हीवर कुणीतरी सांगतं की आताची शस्त्रं ठरवलेल्या खिडकीतून आत जातात, आणि मग लोकांत जुंपते, एक बाजू म्हणते नेम इतका पक्का असेल तर एवढी सामान्य माणसं मेली म्हणजे मुद्दामच मारली, दुसरी म्हणते मग आकडेच खोटे. कुठल्या हल्ल्यात हेतू काय होता ते तपासाने ठरेल, पण मला खटकतं ते हे की दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात, बॉम्ब नेमका पडला म्हणजे नुकसानही तेवढ्याच जागेत. असं होत नाही. का होत नाही हे फिजिक्स मला स्वतःला फार आवडतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी नेमाचं बघू. बॉम्ब किती अचूक आहे ते सांगताना एक वर्तुळ सांगतात, ज्याच्या आत निम्मे बॉम्ब पडतात. जीपीएसवर चालणाऱ्या बॉम्बचं हे वर्तुळ 5 मीटरच्या आसपास त्रिज्येचं असतं. निम्मे आत, याचा अर्थ उरलेले निम्मे बाहेर, हे लोक विसरतात. पण चला, समजा अगदी मधोमध पडला. अमेरिकन बनावटीचा मार्क 84 घ्या, वजन 2,000 पौंड म्हणजे 900 किलोच्या वर, त्यात स्फोटक साधारण 429 किलो. पुढचं सगळं या 429 किलोचं काय होतं त्यावर आहे.

टीएनटीसारख्या स्फोटकात स्फोट सेकंदाला जवळपास 7 किलोमीटर वेगाने पसरतो, म्हणजे घन पदार्थाचा डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी प्रचंड दाबाचा, हजारो डिग्रीचा गॅस झालेला असतो आणि तो आजूबाजूच्या हवेला ढकलतो. आता आवाज पण दाबाचीच लहर असते, फक्त अगदी बारीक, आणि हवेत तिचा वेग सेकंदाला 340 मीटरच्या आसपास. हा वेग तापमानावर ठरतो, हवा गरम तर वेग जास्त. आणि दाबली की हवा गरम होते, सायकलला पंपाने हवा भरताना पंप खालून तापतो तसंच. मग मोठ्या दाबलहरीत काय होणार? जिथे दाब सगळ्यात जास्त तिथली हवा सगळ्यात गरम, म्हणून लहरीचं शिखर पायथ्यापेक्षा जोरात पळतं, शिवाय तिथली हवा स्वतःच पुढे सरकत असते तो वेग वेगळा, असं करत शिखर पायथ्याला गाठतं आणि जो उतार होता त्याचा उभा कडा होतो. हा कडा केसाच्या जाडीहून खूप पातळ असतो. त्याच्या पुढे साधी शांत हवा, आणि लगेच मागे कमाल दाब, मधे काहीच नाही. याला धक्कालहर म्हणतात. कान किंवा छाती हळूहळू दाबली जात नाही, एकदम दाबली जाते, सगळी इजा या 'एकदम'मध्ये आहे.

ही लहर पसरताना कमजोर होते, पण कशी होते ते महत्त्वाचं. स्फोटक आठपट केलं तर तोच दाब दुप्पट अंतरापर्यंत पोचतो, म्हणजे अंतर वजनाच्या घनमुळाने बदलतं. याचा उलटा अर्थ लोकांना पचत नाही. स्फोटक निम्मं केलं तर धोक्याचं अंतर निम्मं होत नाही, जेमतेम 20 टक्क्यांनी कमी होतं. अंतर तीनपट कमी करायचं तर स्फोटक 27 पट कमी करावं लागतं.

मार्क 84 साठी मोकळ्या जमिनीवरचा ढोबळ हिशोब मांडला तर कानाचे पडदे फाटायला सुरुवात होते तो दाब (सुमारे 35 किलोपास्कल, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबावर आणखी साधारण एक तृतीयांश) 40-50 मीटरपर्यंत जातो, आणि खिडक्यांच्या काचा 200 मीटरच्या पलीकडेही फुटतात. बॉम्बच्या कवचाचे तुकडे शेकडो मीटर उडतात ते अजून धरलेच नाहीत. आता 5 मीटरचं वर्तुळ आणि 200 मीटरचं वर्तुळ शेजारी काढून बघा. त्रिज्या 40 पट, क्षेत्रफळ 1,600 पट. पिनपॉइंट म्हणतात तेव्हा पहिलं वर्तुळ सांगतात, माणसं राहतात ती दुसऱ्यात.

आणि हा हिशोब मोकळ्या मैदानाचा आहे, शहराचा नाही. लहर भिंतीवर समोरून आपटली की हवा तिथेच अडकते आणि मागून येणारी हवा तिच्यावर चढते, त्यामुळे कमजोर लहरीचा दाब सुद्धा दुप्पट होतो, 100 किलोपास्कलची लहर असेल तर भिंतीवर 270 च्या घरात जातो, आणि फार जोरदार लहरीत साध्या वायूचं गणित आठपटीपर्यंत नेतं. जमिनीवरून उलटलेली लहर तर आधीच तापलेल्या हवेतून जाते (वरचा गरम हवेचा मुद्दा पुन्हा आला बघा), म्हणून पहिलीपेक्षा जोरात पळून तिला गाठते आणि दोघींची मिळून एक उभी भिंत पुढे सरकते, भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्या नावावरून तिला माख स्टेम म्हणतात. अरुंद गल्लीत लहरीला पसरायला जागाच नसते त्यामुळे ती लांबपर्यंत जोर टिकवते. बंद खोलीत ती या भिंतीवरून त्या भिंतीवर जात राहते आणि माणसाला एक नाही, अनेक धक्के बसतात. इस्रायलमधल्या बॉम्बस्फोटांचा 1996 साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात मोकळ्या जागी सापडलेल्यांपैकी साधारण 8 टक्के लोक दगावले, बंद बसमध्ये सापडलेल्यांपैकी जवळपास निम्मे.

या धक्क्याने फुप्फुसाला इजा का होते? दुसऱ्या महायुद्धात सॉली झुकरमन या प्राणिशास्त्रज्ञाने प्राण्यांवर प्रयोग केले. दाब नाकातोंडातून आत जाऊन फुप्फुस फाडतो अशी एक समजूत होती. त्याने छातीभोवती जाड स्पंज रबर गुंडाळून बघितलं तर इजा कमी झाली, म्हणजे धक्का छातीच्या भिंतीवर बसतो आणि तिथून आत जातो. फुप्फुसात हवा आणि पेशी यांच्या इतक्या सीमा आहेत की लहर प्रत्येक सीमेवर त्या पातळ पडद्यांना फाडत जाते. बाहेरून अंगावर ओरखडा नसलेला माणूस म्हणूनच थोड्या वेळाने श्वास लागून कोसळू शकतो.

काचेचं मात्र वेगळंच दुःख आहे. 6 डिसेंबर 1917, कॅनडातलं हॅलिफॅक्स. युद्धासाठी स्फोटकं नेणारं माँ-ब्लाँ हे जहाज बंदरात दुसऱ्या जहाजाला धडकून पेटलं, आणि साधारण 20 मिनिटं लोक घराच्या, शाळेच्या खिडक्यांशी उभं राहून ती आग बघत होते. मग स्फोट झाला. सुमारे 1,800 लोक मेले आणि 5,900 डोळ्यांच्या जखमांची नोंद झाली. बैरूतला 4 ऑगस्ट 2020 ला 2,750 टन अमोनियम नायट्रेटच्या बाबतीत पुन्हा तेच, आधी धूर दिसला, लोक काचेपाशी आले, मोबाइल धरले. तो अपघात होता, युद्ध नव्हे, पण लहरीला ते कळत नाही. ते व्हिडिओ मी कितीतरी वेळा एकेक फ्रेम थांबवून बघितलेत. पांढरा घुमट दिसतो ना, तो धूर नाही, धक्क्यामागे दाब एकदम खाली जातो तेव्हा हवेतल्या ओलाव्याचे थेंब होतात. काही लोक तो घुमट बघून अणुबॉम्ब म्हणत सुटले होते. प्रत्येक युद्धात नॉस्ट्राडेमस आणि बाबा वांगाची भाकितं काढणारेही असेच, त्यांच्या एका व्हिडिओऐवजी "लखलखाट दिसला की खिडकीपासून लांब व्हा" एवढं पसरवलं तरी डोळे वाचतील. एक किलोमीटरवर असाल तर लखलखाटानंतर हातात तीन सेकंदांहून कमी असतात.

म्हणून प्रश्न नेम लागला का हा नाही, किती किलोचा आणि कुठे हा आहे. मे 2024 मध्ये अमेरिकेने इस्रायलला जाणारे 2,000 पौंडी 1,800 बॉम्ब रोखले ते गाझातल्या दाट वस्तीच्या रफाह शहरामुळेच. पण लहान बॉम्बही वस्तीत सुरक्षित होत नाही, त्याच महिन्यात रफाहच्या तंबूंच्या वस्तीत आग लागून किमान 45 जण गेले, तिथे प्रत्येकी 17 किलो स्फोटकाचे दोन बॉम्ब टाकले असं इस्रायली सैन्यानेच सांगितलं. ॲक्शन ऑन आर्म्ड व्हायलन्स या संस्थेच्या नोंदीत वस्तीत स्फोटक शस्त्रं वापरली तेव्हा बळी आणि जखमींमध्ये साधारण 90 टक्के नागरिक निघतात. वस्तीत अशी शस्त्रं वापरण्यावर आवर घालू असं 80 हून जास्त देशांनी 2022 साली डब्लिनमध्ये मान्य केलं, तो करार मात्र कायद्याने बांधणारा नाही.

युक्रेनमध्ये लोकांनी या सगळ्याचा घरगुती निष्कर्ष काढलाय, दोन भिंतींचा नियम. सायरन वाजला की खिडकीच्या खोलीतून उठायचं आणि बाहेरची हवा व आपण यांच्यात दोन भिंती येतील अशा जागी, बहुतेक घरात ती म्हणजे मधला पॅसेज, गादी टाकून झोपायचं. पहिली भिंत लहर अंगावर घेते, फुटलेल्या काचा आणि विटांचे तुकडे दुसरी अडवते. बाथरूमलाही दोन भिंती असतात पण तिथल्या फरशा आणि आरसा फुटून तेच तुकडे अंगावर येतात. स्फोट शेजारच्या इमारतीवर झाला असेल तर हा पॅसेज कामी येतो. आपल्याच इमारतीवर झाला तर वरचे मजले खाली येतात, तिथे दोन भिंतींचा काही उपयोग नसतो.