सेल्फ बदलण्याआधी

मे महिन्यात पुण्याहून हायवेने आलेली गाडी सोलापुरात सात रस्त्याजवळ चहापुरती थांबते. पुन्हा किल्ली फिरवली की नुसता ‘कट्’ असा आवाज. सकाळी हीच गाडी एका फटक्यात लागली होती. गॅरेजमधला निकाल बहुधा ठरलेला: सेल्फ गेला, नवा टाका. निकालाआधी चौकशी व्हावी एवढंच माझं म्हणणं, कारण सेल्फवर येणारे बरेच आळ खोटे असतात.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. इंजिन आपणहून सुरू होत नाही. आधी कुणीतरी ते मिनिटाला साधारण २०० फेऱ्यांनी फिरवावं लागतं. पूर्वी माणूस हँडल मारून हे करायचा. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने त्या जागी विजेची मोटर आणली आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये ती बसली. त्याआधी केटरिंगने दुकानातल्या कॅश रजिस्टरला मोटर जोडली होती. तीच युक्ती इथे कामी आली: मोटर सतत चालवायची नसेल, तर तिच्याकडून काही क्षण ऐपतीबाहेरचं काम काढून घेता येतं. दहा-दहा सेकंदांपेक्षा जास्त किल्ली दाबून धरू नये, ती यासाठीच.

पेट्रोलच्या लहान गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर ओढतो. १५० अँपिअर आणि १० व्होल्ट धरले तर दीड किलोवॅट होतात. म्हणजे विहिरीवरच्या दोन अश्वशक्तीच्या पंपाइतकी ताकद.

मेख इथेच आहे. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर, सैल नट, गंजलेली अर्थिंगची पट्टी, या सगळ्यांचा मिळून रोध फक्त ०.०२ ओहम असला, तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट वाटेतच जिरतात. टेपला आणि दिव्यांना थोडेच अँपिअर लागतात, त्यांना याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ‘लाइट लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी-वायर ठीक’ हा युक्तिवाद फसवा.

त्यात आपलं ऊन. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. तापलेल्या इंजिनाला चिकटलेला सेल्फ २५ अंशांवरून ८५ अंशांवर गेला, की त्याच्या गुंडाळीचा रोध जवळपास पाव हिश्शाने वाढतो. सोलेनॉइडची, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची, ओढही त्यामुळे कमी होते. सकाळी कसंबसं भागवून नेणारी जोडणी दुपारी उघडी पडते.

चौकशी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट लावलेले. दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. दिवे मंदावून कट-कट-कट अशी झड लागली, तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा. दिवे तसेच राहून एकच ठसठशीत ‘कट्’ आला, तर संशय सोलेनॉइडमधल्या तांब्याच्या संपर्कावर किंवा झिजलेल्या कार्बनवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या ब्रशवर. मोटर गरगरते पण इंजिन ढिम्म, तर पिनियनचा, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या सेल्फच्या छोट्या दातेरी चाकाचा, एकमार्गी क्लच. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच. मल्टिमीटर असेल तर किल्ली फिरवताना सेल्फच्या जाड टर्मिनलवर आणि त्याच्याच बॉडीवर व्होल्ट मोजा. ‘कट्’ आवाज येऊन आणि तिथे १०च्या वर व्होल्ट मिळूनही तो फिरत नसेल, तर तो दोषी. पान्याने ठोकल्यावर चालू झाला, तर अडकलेला कार्बन हलला एवढंच. फार दिवस ते चालत नाही.

सेल्फ सापडत नसेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली जाड वायर धरून जा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, तिथे एका मोठ्या नळकांड्यावर छोटं नळकांडं बसलेलं दिसेल. छोटं ते सोलेनॉइड. पुष्कळ गाड्यांत ते खालूनच दिसतं. अशा वेळी नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा.

काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवायचंच. त्या जाड वायरीत किल्ली बंद असतानाही वीज असते आणि बहुतेक गाड्यांत तिच्या वाटेत फ्यूज नसतो. पाना चुकून बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअरची ठिणगी उडते. मग वायरी, मग दोन-तीन बोल्ट. शेवटचा सोडवताना सेल्फला हाताचा आधार द्या, तो चांगला जड असतो. दोषी ठरला तरी अख्खा नवा घ्यायची घाई कशाला? कार्बन, बुश, सोलेनॉइड बदलून देणारे ऑटो इलेक्ट्रिशियन अजून आहेत. बसवताना इंजिनाला टेकणारी त्याची कड घासून स्वच्छ करा. परतीचा प्रवाह तिथूनच जातो.

त्या मोकळ्या भोकातून टॉर्च मारून फ्लायव्हीलवरच्या रिंग गिअरचे, म्हणजे पिनियन ज्यात अडकतो त्या इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या कडेचे, दातही पाहून घ्या, इंजिन हाताने सावकाश फिरवत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोनच जागी थांबतं, म्हणून दात तिथेच झिजतात. ‘गाडी कधी लागते, कधी नुसती खरखरते, पण गिअरमध्ये टाकून जरा ढकलली की लागते’ अशी तक्रार असेल, तर कारण बहुतेक हेच. तिथे नवा सेल्फ काही करू शकत नाही. रिंग गिअर बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्या खर्चाचा अंदाज सेल्फ बसवून झाल्यावर घेण्यापेक्षा तो हातात असतानाच घेतलेला बरा.