आयपी बदलतो ही अडचणच नाही

घरी सर्व्हर चालवणाऱ्या, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरच्या गोष्टी बाहेरून उघडू पाहणाऱ्या, दहा जणांना विचारा, नऊ जण सांगतील, ‘आयपी डायनॅमिक आहे, म्हणून बाहेरून उघडत नाही.’ आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, डायनॅमिक म्हणजे बदलणारा. हे ऐकून मी आता थकलोय. बदलणारा आयपी ही किरकोळ गोष्ट आहे. लाइट गेली, राउटर पुन्हा चालू झाला, की तो बदलू शकतो. आणि उन्हाळ्यात आपल्या खानदेशात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. त्यावर डकडीएनएस ही बदलत्या आयपीला एक कायमचं नाव देणारी सेवा फुकट आहे. दर पाच मिनिटांनी घरचं मशीन स्वतःचा आयपी कळवतं, नाव तेच राहतं. संपलं.

खरा प्रश्न वेगळा आहे: तो आयपी तुमचा एकट्याचा आहे का?

रावेरला माझ्या मावसभावाने जुन्या लॅपटॉपवर फोटो आणि केळीचा हिशेब ठेवायला सर्व्हर केला. लॅपटॉपला 192.168.1.50 पक्का करून दिला आणि म्हणाला, आपला आयपी स्टॅटिक झाला. तो घरातल्या घरात पक्का झाला, बाहेर त्याला कुणी ओळखत नाही. मग पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून लॅपटॉपपर्यंत वाट करून दिली, डकडीएनएसनेही ‘ओके’ म्हटलं, तरी पुण्यातून मुलीला काही उघडेना. ‘आता काय करायचं भो?’ म्हणून मला बोलावलं.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) 100.72 ने सुरू होत होता. त्याच वायफायवर मोबाइलमधून ‘माझा आयपी काय’ शोधलं, तर भलताच आकडा. तिथेच कळलं. 100.64 ते 100.127 हा पट्टा 2012 साली याच कामासाठी राखून ठेवलाय: आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीचे आयपी) पत्ते अपुरे, म्हणून ऑपरेटर अनेक घरांना मिळून एकच पब्लिक, म्हणजे बाहेरून पोहोचता येणारा, आयपी देतो. याला सीजीनॅट म्हणतात. वाड्यातल्या आपल्या खोलीचं दार आपण उघडं ठेवलं, पण वाड्याचा दरवाजा ऑपरेटरच्या हातात. डकडीएनएसने पत्ता बरोबरच दिला होता, वाड्याचा.

वॅनवर 100 ऐवजी 192.168, म्हणजे घरातल्या घरात चालणारा पत्ता, दिसला, तर आधी घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेत का ते बघा.

गोंधळ वाढतो तो इथे. पैसे भरून स्टॅटिक घेतला की सर्व्हर उघडतो, आणि माणूस समजतो, न बदलल्यामुळे उघडला. उघडला तो पब्लिक मिळाला म्हणून! त्यामुळे ऑपरेटरला फोन कराल तेव्हा ‘स्टॅटिक द्या’ म्हणू नका, ‘सीजीनॅटमधून काढा, पब्लिक आयपी द्या, बदलणारा चालेल’ असं म्हणा. स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा असेल तर मात्र स्टॅटिक आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) दोन्ही घ्या, नाहीतर तुमचे मेल स्पॅममध्ये जातील.

ऑपरेटर नाहीच म्हणाला, तर घरच्यांपुरतं टेलस्केल, म्हणजे आपलीच मशीनं आणि मोबाइल खासगीत एकमेकांना जोडणारं अ‍ॅप, माझ्या मते सगळ्यात बरं. त्यात सर्व्हर स्वतःच बाहेर जोडणी करतो, राउटरमध्ये पोर्ट उघडावं लागत नाही. मावसभावाकडे तेच लावलं. मुलीच्या मोबाइलवर पुण्यात हिशेबाचं पान उघडलं तेव्हा रावेरला लाइट नुकतीच येऊन राउटर चालू झाला होता.