ऑपरेशननंतर घाबरलेला मोठा कुत्रा: घरी कसा सांभाळावा

टाके, गोळ्या आणि ड्रेसिंगच्या सूचनांचा कागद तुम्हाला दवाखान्यातून मिळाला असेल. हे माहितीपत्रक त्या कागदात सहसा नसलेल्या गोष्टीबद्दल आहे. परवापर्यंत दारात कुणी आलं की शेपूट हलवत धावणारा तीस-चाळीस किलोचा कुत्रा ऑपरेशन करून घरी येतो, कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो, हात पुढे केला की गुरगुरतो आणि शू करायलासुद्धा बाहेर पडत नाही. ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणं हे आमचं काम आहे, आणि पहिल्या भेटीत बहुतेक घरांत जखमेपेक्षा या वागण्याबद्दलच जास्त विचारलं जातं.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. या आठवड्यांत त्याला शिस्त लावायला किंवा त्याची भीती मोडायला जाऊ नका. दुखणं आटोक्यात ठेवा, जबरदस्ती टाळा, दिवस एका ठरावीक चाकोरीत जाऊ द्या. जखम भरली की बरीचशी भीती आपोआप ओसरते. ओढून, दाबून, रागावून या काळात बसलेली नवी भीती मात्र टाके निघाल्यावरही राहते.

एवढा घाबरतो का?

पहिली रात्र वेगळी धरा. भूल आणि तीव्र वेदनाशामकं उतरत असताना कुत्रा कण्हतो, भेलकांडतो, कधी घरच्यांना ओळखत नसल्यासारखा बघतो. हे साधारण १२ ते २४ तासांत निवळतं. तेवढा वेळ दिवे मंद ठेवा, माणसं कमी ठेवा आणि तोंडाजवळ तोंड नेऊ नका.

त्यानंतर जी भीती उरते तिचं मूळ बहुतेकदा दुखण्यात असतं. कळ उठते त्या क्षणी समोर जे असेल त्याच्यावर कुत्रा खापर फोडतो. गुळगुळीत फरशीवर पाय सटकला आणि टाक्यांना हिसका बसला, की ती फरशीच वैरी होते. तुम्ही ड्रेसिंगला हात लावलात आणि दुखलं, की तुमचा हात. हा त्याच्या लेखी साधा हिशोब आहे, डूख धरण्याचा प्रकार नाही.

त्यात गळ्यातल्या कोनाची, म्हणजे जखम चाटता येऊ नये म्हणून डोक्याभोवती बसवलेल्या प्लास्टिकच्या शंकूची भर पडते. कुत्र्याला मान न वळवता साधारण २४० अंशांपर्यंतचं दिसतं. कोन चढला की बाजूचं सगळं झाकलं जातं, आवाज घुमतात, मिशा प्लास्टिकला घासतात आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटतं. मोठ्या कुत्र्याची आणखी एक अडचण असते. एरवी नको असलेल्या गोष्टीपासून तो उठून निघून जातो. आता उठताच येत नाही. पळायची वाट बंद झाली की त्याच्याजवळ दातच उरतात.

आणि हो, घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर तो आणखी घाबरट होतो, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मनावर घेऊ नका. भीती ही भावना आहे, बक्षीस देऊन ती वाढत नाही. तो स्वतः अंगाला टेकत असेल तर खुशाल टेकू द्या. फक्त सुरुवात त्याच्याकडून होऊ द्या.

गुरगुरण्याआधी तो बरंच काही सांगतो

ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, कान मागे पाडणं, मान वळवून डोळ्याच्या कडेनं बघताना पांढरं दिसणं, खाता-खाता अचानक थबकणं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. अंग ताठ झालं आणि हालचाल थांबली की हात तिथेच थांबवा, दोन पावलं मागे या, नजर दुसरीकडे वळवा. समोरून डोक्यावर ओणवं होऊ नका; बाजूनं या आणि बसून बोला. झोपलेल्या कुत्र्याला हात लावून कधीच उठवू नका, लांबून नावानं हाक मारा.

गुरगुरल्याबद्दल ओरडू नका, नाकावर चापट तर नाहीच नाही. ओरडून गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो कसलीही सूचना न देता चावतो. एवढ्या मोठ्या जबड्याची आगाऊ सूचना आपल्याला हवीच असते.

आधी दुखण्याचं बघा

वागणं बिघडलं की पहिला फोन डॉक्टरांना करा, प्रशिक्षकाला नंतर. धापा टाकणं, एका जागी पडून न राहणं, रात्री येरझारा, जखमेच्या बाजूनं कुणी गेलं की चमकणं ही भीतीची लक्षणं वाटतात, पण औषध अपुरं पडत असल्याचीही तीच लक्षणं असतात. कोणत्या वेळी जास्त होतं ते लिहून ठेवा. गोळीची वेळ होण्याआधीच्या तासा-दोन तासांत होत असेल, तर डॉक्टरांना त्यावरून बरंच कळतं. 'आज बराच बरा दिसतोय' म्हणून परस्पर गोळी बंद करू नका. बरा दिसतोय तो गोळीमुळेच.

दुखणं आणि भीती कमी करण्यासाठी गॅबापेंटिन, ट्रॅझोडोन यांसारखी औषधं या काळात दिली जातात. त्यांनी कुत्रा थोडा सुस्त होतो, गॅबापेंटिननं झोकांड्याही जातात, म्हणून गोळीनंतर जिन्यापासून लांब ठेवा. एखादा कुत्रा ट्रॅझोडोननं शांत होण्याऐवजी उलट बेचैन होतो. तसं दिसलं तर पुढचा डोस देण्याआधी विचारा. नुसती गुंगी आणणारं औषध आणि भीती कमी करणारं औषध यांत फरक असतो. पहिल्यात अंग लुळं पडतं आणि मन मात्र घाबरलेलंच राहतं. 'हे भीतीसाठी आहे की फक्त झोपेसाठी?' असं विचारायला संकोच करू नका.

घरातली माणसांची वेदनाशामकं कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल त्याला विषारी ठरू शकतात. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत, गॅबापेंटिनच्या द्रवातही, झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला घातक आहे.

गोळी जबडा उघडून घशात ढकलणं हा विश्वास गमावण्याचा सगळ्यात जलद मार्ग. मऊ खाऊच्या तीन छोट्या गोळ्या करा. पहिली साधी, दुसरीत औषध, तिसरी साधी. तिसरी नाकासमोर दिसत असली की दुसरी तो न चावता गिळतो. कोणती गोळी रिकाम्या पोटी द्यायची आहे का, तेवढं आधी विचारून घ्या.

जागा

पिंजऱ्याची सवय असेल तर पिंजरा उत्तम. नसेल तर ऑपरेशननंतर ती लावायला जाऊ नका. आत धडका देऊन कुत्रा टाके उसवून घेतो. त्याऐवजी लहान खोली किंवा जाळीच्या कुंपणानं अडवलेला कोपरा करा. दोन बाजूंना भिंत असेल असा, येण्या-जाण्याच्या वाटेवर नसलेला. पाणी, अंथरूण आणि बाहेरचं दार या सगळ्या वाटेवर रबराच्या न सरकणाऱ्या चटया घाला. चटयांच्या मध्ये फरशी उघडी ठेवू नका, कारण घाबरलेला कुत्रा नेमका तिथेच अडून बसतो. पलंगाखाली शिरायची सवय असेल तर ती फट आत्ताच बंद करा. तिथून त्याला ओढून काढताना त्यालाही लागतं आणि तुम्हालाही. लपायला जागा हवीच, म्हणून कोपऱ्यावर चादर टाकून आडोसा करा.

पंख्याचा एकसुरी आवाज बाहेरचे आवाज झाकतो. दाराची घंटा काही दिवस बंद ठेवता आली तर ठेवा.

उठवणं आणि बाहेर नेणं

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त झटापट इथे होते. काखेत हात घालून उचलू नका आणि गळपट्टा तर ओढूच नका. छातीला बसणारा हार्नेस वापरा. मागच्या पायाचं ऑपरेशन असेल तर मागच्या पायांच्या अगदी पुढे, पोटाखालून रुंद पट्टा घाला. नर असेल तर पट्टा शूच्या जागेवर येणार नाही असं बघा. पोटाचं ऑपरेशन असेल तर पोटाखालून काहीच नको, छाती आणि कमरेला पकड असलेला हार्नेस लागेल.

हे दोन माणसांचं काम आहे. एकजण पुढे, पण समोर नाही, बाजूला. दोरी सैल. दुसरा पट्ट्याची दोन्ही टोकं धरून मागे. 'उठूया' असा एकच शब्द ठरवा, घरात सगळ्यांनी तोच वापरा, आणि शब्द उच्चारून थांबा. कुत्रा आधी पुढचे पाय रोवतो, मग मागचं अंग उचलतो. पट्ट्याला आधार द्यायचा तो या दुसऱ्या क्षणी, त्याच्या जोरात जोर मिळवून. तो हलायच्या आधीच पट्टा वर खेचलात तर त्याला वाटतं कुणीतरी धरलं, आणि मान वळवून तो पट्टा धरणाऱ्या हाताकडे जातो. आणि नाहीच उठला, तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघा. उचलून नेण्यापेक्षा हे लवकर होतं.

बाहेर गर्दी नसेल अशी वेळ ठरवा, जागा रोज तीच ठेवा. शूसाठी दोन-चार मिनिटं, बास. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा हळू चालत हुंगायला वेळ द्या; हुंगण्यानं डोकं दमतं आणि पायावर ताण येत नाही. शी दोन-तीन दिवस झाली नाही तर घाबरू नका, ऑपरेशनआधीचा उपास आणि औषधं यांनी असं होतं. लघवी मात्र २४ तासांत झाली नाही तर फोन करा.

जखम बघताना

नेहमीची चूक म्हणजे तोंडापुढे खाऊ धरायचा आणि तो खात असताना मागून हळूच पट्टी उचलायची. दोन-तीन वेळा जमतं. मग खाऊचा डबा उघडला की तो कोपऱ्यात जातो, कारण खाऊ म्हणजे आता दुखणार हे त्याला कळलेलं असतं. क्रम उलटा हवा. आधी 'बघू' म्हणा. मग खांद्यावर हात ठेवा. मग खाऊ. हात काढा, खाऊ बंद. असं दिवसातून काही वेळा नुसतंच करा, जखमेपर्यंत न जाता. नंतर खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून मांडीवर, दर टप्प्याला खाऊ. मधेच त्यानं खाऊ चाटणं थांबवलं किंवा मान वळवून तुमच्या हाताकडे पाहिलं, तर एक टप्पा मागे या.

रोज प्रत्यक्ष हात लावायलाच हवा असंही नाही. तो कुशीवर पडलेला असताना चांगल्या उजेडात लांबून फोटो काढा आणि कालच्या फोटोशी ताडून बघा. सूज, लाली, स्राव फोटोत दिसतो.

कोनाला तो अजिबात मानत नसेल तर मऊ कापडी कोन, हवा भरलेली गळपट्टी किंवा अंगात घालायचा सूट चालतो का, ते जखमेच्या जागेवरून डॉक्टरांना विचारा. लांब मानेचा मोठा कुत्रा हवेच्या पट्टीवरूनही मागच्या पायापर्यंत सहज पोचतो. पर्याय मिळेपर्यंत कोन काढून ठेवू नका. टाके चाटून उघडायला त्याला काही मिनिटं पुरतात.

मुसकं

मुसकं घालण्यात कमीपणा मानू नका. ते जाळीचं हवं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळून बंद करणारं कापडी मुसकं दवाखान्यात दोन-चार मिनिटांपुरतं ठीक, घरी नको. धाप बंद झाली की कुत्र्याचं अंग तापतं. ऑपरेशन ठरलेलं असेल तर आठवडाभर आधीपासून मुसक्याच्या आत खाऊ लावून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या. वेळ मिळाला नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही घाईचा मार्ग दाखवू, पण तो तितका गोड नसतो.

घरातले बाकीचे

लहान मुलं आणि हा कुत्रा यांच्यामध्ये दार किंवा जाळी हवी. नजर ठेवून भागत नाही. मुलांवर तो कितीही जीव टाकत असला तरी दुखण्यात असलेला कोणताही कुत्रा चावू शकतो. घरात दुसरा कुत्रा असेल तर दवाखान्याच्या वासानं तोही बिथरतो, काही दिवस वेगळे ठेवा. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना फोटो पाठवा.

लगेच फोन कधी करायचा

हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसल्या, जखमेतून पू किंवा वास आला, पोट फुगलं, उलट्या थांबेनात, शी काळी डांबरासारखी झाली, किंवा टेकत असलेला पाय अचानक टेकणं बंद केलं, तर सकाळची वाट पाहू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, पण घाबरलेल्या कुत्र्याला धरून ताप मोजायची धडपड करू नका; ते दवाखान्यात होईल. चार दिवस सुधारत गेलेला कुत्रा पाचव्या दिवशी पुन्हा गुरगुरायला लागला, तर ते हट्टीपणावर ढकलू नका. जखमेत संसर्ग किंवा आत काही सरकलं असण्याची शक्यता आधी तपासून घ्यावी लागते.

टाके काढायला जाताना

टाके बहुधा १० ते १४ दिवसांनी निघतात. हाडाचं ऑपरेशन असेल तर हालचालीवरचे निर्बंध त्यानंतरही राहतात, गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशनात बहुधा ८ ते १२ आठवडे. दवाखान्याला आदल्या दिवशी कळवा की कुत्रा घाबरतो. गर्दी नसलेली वेळ मागा आणि आत बोलावेपर्यंत गाडीतच थांबण्याची परवानगी घ्या. भीतीची गोळी लिहून दिली असेल तर ती निघण्याच्या किती आधी द्यायची ते विचारा. बऱ्याच गोळ्यांना दीड-दोन तास लागतात, दवाखान्याच्या पायरीवर दिलेली वाया जाते. तपासणी जमिनीवर, चटईवर करता येईल का तेही विचारा. एवढ्या मोठ्या कुत्र्याला टेबलावर चढवायची सहसा गरज नसते. अंथरुणावरची रबरी चटई बरोबर न्या, आणि हार्नेस व मुसकं घरूनच घालून निघा.